निर्मनुष्य अरण्य कोणाच्या सोयीचे?

वसईच्या पूर्वेला, मुंबई–अहमदाबाद महामार्गालगत सातिवली आहे. वर तुंगारेश्वराचा डोंगर, पायथ्याशी आदिवासींचे पाडे, पाड्यांना खेटून कारखान्यांचे गाळे आणि गाळ्यांच्या मागे परप्रांतांतून आलेल्या मजुरांच्या चाळी, असा तिचा आजचा नकाशा आहे. संध्याकाळी चाळीत काय किंवा पाड्यावर काय, दृश्य एकच असते. आई गाळ्यात पॅकिंगला, बाप बारा तासांच्या पाळीवर. घरी राहिलेल्या पोराच्या हाती मोबाइल आणि त्या मोबाइलवर जपानी कार्टूनमधली पात्रे हिंदीतून बोलत असतात. वारली पोर, आगरी पोर, बिहारी पोर, तिघांनाही टोकियोतला नोबिता शेजारच्या खोलीतला असावा इतका ओळखीचा आहे. ज्यांनी तो घडवला, त्यांना सातिवलीचे पोर मात्र मुळीच ठाऊक नाही.

हा विषय काढला की चळवळीतील जुनेजाणते कार्यकर्तेही हसतात. किमान वेतन मिळत नाही, वनहक्कांचे दावे पडून आहेत, ठेकेदार हजेरीपटावर नाव लावत नाही. अशा वेळी पोरांच्या कार्टूनची चर्चा ही रिकामटेकड्यांची चैन आहे, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला संस्कृतिरक्षकांचा कंपू आहे. त्याला परदेशी कार्टून म्हणजे भारतीय संस्कारांवरील घाला वाटतो. पहिल्यांचा आक्षेप प्रामाणिक पण अपुरा आहे. दुसऱ्यांचा सरळसरळ दांभिक आहे. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. जुन्या जपानी बालपटांत कोणाला माणसाचा चेहरा मिळाला आणि कोणाला तो नाकारला गेला, याचा हिशेब मांडला तर तो थेट जमिनीच्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

या हिशेबाची सुरुवात १९४५ पासून करावी लागते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मित्सुयो सेओ यांनी जपानी नौदल खात्यासाठी दिग्दर्शित केलेला ‘मोमोतारो: समुद्राचे दिव्य सैनिक’ हा सव्वा तासाचा कार्टूनपट प्रदर्शित झाला. जपानचा तो पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट मानला जातो. परीकथेतला मोमोतारो त्यात सेनापती आहे आणि अस्वल, माकड, कुत्रा हे त्याचे सैनिक आहेत. दक्षिणेकडील एका बेटावर हे सैन्य उतरते. बेटावरचे रहिवासीही प्राणीच आहेत, पण दोहोंतला फरक पाहण्यासारखा आहे. जपानी प्राणी गणवेशातले, शिस्तीचे, यंत्रे हाताळणारे. बेटावरचे प्राणी भाबडे, गोंधळलेले, ओझी वाहणारे. सैनिक त्यांना गाण्यातून जपानी मुळाक्षरे शिकवतात. शत्रू असलेल्या इंग्रजांना मात्र, कपाळावर शिंग असले तरी, माणसाचे शरीर दिलेले आहे. म्हणजे साम्राज्याचा प्रतिस्पर्धी माणूस ठरतो आणि ज्याचे बेट बळकावायचे तो ठरतो जनावर. शेवटी घरी राहिलेली पिले जमिनीवर अमेरिकेचा नकाशा काढून त्यावर उड्या मारतात. ‘मुलांची करमणूक’ ती हीच!

त्याच १९४५ सालच्या मे महिन्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, झरी येथे हजारो वारली जमले आणि जमीनदार-सावकारांच्या शेतांवर वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. त्या लढ्याचा झेंडा दुसऱ्या पक्षाचा होता, म्हणून त्याचे मोल तसूभरही कमी होत नाही. गोदावरी परुळेकरांनी पुढे त्या लढ्याची हकीकत लिहिली, तेव्हा पुस्तकाला नाव दिले ‘जेव्हा माणूस जागा होतो’. शीर्षकातला ‘माणूस’ हा शब्द शोभेसाठी आलेला नाही. जमीनदार ज्याला नांगराला जुंपण्याच्या लायकीचा समजत होता, त्याने आपण माणूस आहोत असे सांगणे हाच त्या उठावाचा गाभा होता.

महायुद्ध संपले, जपानचे साम्राज्य बुडाले. पण बालपटांतला तो साचा बुडाला नाही. ओसामु तेझुका हे जपानी कार्टूनसृष्टीचे मोठे नाव. युद्धाला त्यांचा मनापासून विरोध होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्यांच्या १९६६ च्या ‘जंगल सम्राट’ या चित्रपटात आफ्रिकेचे अरण्य आहे ते प्राण्यांचे. सुधारणेचे स्वप्न तिथे पाहतो तो पांढरा सिंह, आणि त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला आफ्रिकन माणूस केवळ पार्श्वभूमीपुरता उरतो. १९८२ च्या डोरेमॉन-चित्रपटात नोबिता आणि त्याचे सवंगडी आफ्रिकेच्या अंतर्भागातील एका ‘अज्ञात’ प्रदेशात जातात. तिथे त्यांना भेटते ते बोलणाऱ्या कुत्र्यांचे राज्य. १९८९ साली जपानमध्ये निघालेली आणि पुढे दूरदर्शनवर हिंदीतून घरोघर पोहोचलेली मोगलीची मालिका तर भारतातल्याच अरण्याची. किपलिंगने त्या कथा सिवनीच्या डोंगरांत घातल्या. सिवनी हा गोंडांचा मुलूख. मूळ कथांत गोंड शिकारी एखाद्या कोपऱ्यात येऊन जातो. अरण्याचा कायदा मात्र मुलाला शिकवतो तो अस्वल! अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचाही काही हक्क असतो, हे भारताच्या संसदेला कायद्याने मान्य करायला २००६ साल उजाडावे लागले. अस्वलाचा कायदा पाठ असलेल्या किती शहरी मुलांनी त्या वनहक्क कायद्याचे नाव ऐकले असेल?

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. प्राणी बोलतात ते पंचतंत्रातही बोलतात. त्यात राजकारण कसले शोधायचे? पंचतंत्रातला सिंह राजा आहे, कोल्हा अमात्य आहे. तिथे प्राणी माणसाचा मुखवटा घालून येतात आणि ऐकणाऱ्याला तो मुखवटा कळत असतो. इथे प्राणी माणसाच्या जागी येतात आणि माणूस नाहीसा होतो. अरण्य निर्मनुष्य दिसू लागले की ते बेवारस दिसू लागते; आणि जे बेवारस दिसते ते घेताना कोणाला चोरी केल्यासारखे वाटत नाही. वसाहतींचा इतिहास या ‘रिकाम्या जमिनी’च्या कल्पनेवर उभा आहे. सातिवलीच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मोजणीचे कागद घेऊन येणाऱ्याच्या नकाशात पाडा नसतो, हा त्यांचा अनुभव आहे.

माणसाला जनावर करणे ही पुसण्याची एक रीत. दुसरी रीत अधिक सफाईदार आहे, आणि तिची कथा कामगार चळवळीने विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. तोएई कंपनीच्या कार्टून-स्टुडिओत १९६० च्या दशकात कामगारांची युनियन जोरात होती. हायाओ मियाझाकी तिचे सरचिटणीस होते, इसाओ ताकाहाता उपाध्यक्ष. यासुओ ओत्सुका या ज्येष्ठ चित्रकाराच्या आग्रहाने ताकाहातांना पहिला चित्रपट मिळाला, तो ‘सूर्याचा राजपुत्र: होरुसचे महासाहस’. त्याचा आधार होता काझुओ फुकाझावा यांचे बाहुलीनाट्य, आणि त्या नाट्याचा आधार होता ऐनू लोकांची मौखिक वीरगीते. ऐनू म्हणजे जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटाचे मूळ रहिवासी. १८६९ पासून जपानी सरकारने ते बेट रीतसर वसाहत म्हणून व्यापले, आणि १८९९ च्या कायद्याने ऐनूंना ‘संरक्षणा’च्या नावाखाली शेतीला जुंपून त्यांची भाषा व चालीरीती मोडून काढल्या.

हा चित्रपट ऐनूंचा व्हायला हवा होता. तसा तो झाला नाही. ऐनूंचा विषय कंपनीला अडचणीचा वाटला, आणि कथा उचलून उत्तर युरोपसारख्या कुठल्याशा थंड मुलखात नेऊन ठेवली गेली. गीत ऐनूंचे, शौर्य ऐनूंचे. चेहरे, घरे आणि नावे मात्र परक्यांची. चित्रपट १९६८ च्या जुलैमध्ये लागला आणि दहा दिवसांत उतरवला गेला. ताकाहातांना तोएईत पुन्हा चित्रपट मिळाला नाही. १९७१ मध्ये ते आणि मियाझाकी दोघेही बाहेर पडले.

या चित्रपटाची महती कोणी नाकारू नये. सारे गाव मिळून भाता फुंकते, सूर्याची तलवार पुन्हा घडवते आणि एकजुटीने हिमराक्षसाचा पराभव करते, असा त्याचा शेवट आहे. संपात तावूनसुलाखून निघालेल्या हातांनीच तो काढला, हे प्रत्येक चौकटीत दिसते. परंतु म्हणूनच त्याचा धडा कठोर आहे. दिग्दर्शक डावा, चित्रकार युनियनचे, आशय एकजुटीचा; तरीही ज्यांची गोष्ट होती त्यांचेच नाव पडद्यावर आले नाही. कारण स्टुडिओ कंपनीचा होता. पडद्यावर कोण दिसणार हे कलावंताच्या सद्भावनेवर ठरत नाही. ते उत्पादनाच्या साधनांचा मालक कोण, यावर ठरते.

मियाझाकींनी १९८५ मध्ये सहकाऱ्यांसह घिब्ली हा स्टुडिओ उभारला आणि १९९७ मध्ये ‘राजकन्या मोनोनोके’ काढला. त्याचा नायक एमिशी जमातीचा आहे. यामातोच्या राजसत्तेने उत्तरेकडे रेटत नेलेली ती जमात. अरण्याशी झगडणाऱ्या लोखंडाच्या भट्ट्या, त्यांवर राबणाऱ्या बायका आणि समाजाने टाकलेले महारोगी, सारेच त्यात माणूस म्हणून वावरतात. पुसलेले नाव पडद्यावर यायला जवळजवळ तीस वर्षे आणि आपल्या हातातला स्टुडिओ लागला.

मात्र ऐनूंना न्याय चित्रपटाने दिला नाही, तो त्यांच्या लढ्याने मिळवला. शिगेरु कायानो हे नाव समाजवादी कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. ते होक्काइदोतल्या निबुतानी गावचे ऐनू. ज्या वीरगीतांवरून चित्रपट निघाला पण ज्यांचे नाव गाळले गेले, ती गीते हा माणूस म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून ध्वनिफितीवर उतरवून घेत होता. १९८३ मध्ये त्यांनी गावातल्या मुलांसाठी ऐनू भाषेची शाळा काढली. १९९४ मध्ये ते जपानच्या समाजवादी पक्षाच्या यादीवरून संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेले आणि तिथे ऐनू भाषेत बोलले. निबुतानीचे धरण बांधण्यासाठी ऐनूंच्या जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा ते न्यायालयात लढले. मार्च १९९७ मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने ते भूसंपादन बेकायदा ठरवले. धरण तोवर बांधून झाले होते, ते राहिले. त्याच वर्षी १८९९ चा कायदा रद्द झाला. २००८ मध्ये जपानी संसदेने ऐनूंना मूळ रहिवासी म्हणून मान्यता देण्याचा ठराव केला.

पालघर जिल्ह्यातील वाचकाला यात आपलेच प्रतिबिंब दिसेल. आदिवासींच्या शेतीला पाणी देण्यासाठी म्हणून सूर्या प्रकल्प झाला आणि त्याचे पाणी वसई–विरारच्या नळांकडे वळले. जपानी कर्जातून होणाऱ्या मुंबई–अहमदाबाद बुलेट गाडीच्या भूसंपादनालाही याच जिल्ह्यातल्या पाड्यांनी विरोध केला. जपानचे भांडवल इथवर येते, जपानची कार्टूने इथवर येतात. जपानच्या ऐनूंची कहाणी तेवढी येत नाही.

आता संस्कृतिरक्षकांच्या ढोंगाकडे वळावे. युगो साको हे जपानी निर्माते १९८३ मध्ये पुरातत्त्वज्ञ ब. बा. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करीत होते. जपानी लोक रामायणावर चित्रपट काढत आहेत अशी समजूत पसरली आणि विश्व हिंदू परिषदेने निषेध नोंदवला. रामायण हा राष्ट्राचा वारसा आहे, परकीयाने तो मनमानी रीतीने पडद्यावर आणू नये, असा त्याचा आशय होता. साकोंनी पुढे खरोखरच चित्रपट केला. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले राम मोहन त्यात सहदिग्दर्शक होते, आणि १९९३ मध्ये तो दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. २०२५ च्या जानेवारीत तोच चित्रपट भारतभर चित्रपटगृहांत लागला. तेव्हा परकीय हाताची कोणाला अडचण वाटली नाही. असो. प्रश्न वेगळाच आहे. कोणाचे चित्र कोणी काढावे, याची एवढी चाड असणाऱ्या मंडळींनी गोंडाचे, वारल्याचे, कातकऱ्याचे चित्र कोण काढतो, हा प्रश्न कधी विचारला काय?

कारण वारल्याच्या बाबतीत पुसण्याची तिसरी रीत याच देशात शोधली गेली. त्याला जनावर केले नाही, परदेशी नेले नाही; त्याला नक्षी केले. एकेकाळी लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने जो चौक लिहीत, तो १९७० च्या दशकात कागदावर उतरला. जिव्या सोमा मशे यांनी त्याला जगभर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जपानमध्ये निइगाता प्रांतातील मिथिला संग्रहालयातही वारली चित्रे आहेत. हा सन्मान थोर आहे. पण आज त्या आकृती विमानतळाच्या भिंतीवर, साडीच्या पदरावर, शीतपेयाच्या जाहिरातीत नाचतात, आणि त्या काढणाऱ्यांची भाषा पोराच्या क्रमिक पुस्तकात नाही, दूरचित्रवाणीवर नाही, कार्टूनमध्ये तर नाहीच नाही. नक्षीला सातबारा लागत नाही, रेशनकार्ड लागत नाही, किमान वेतन लागत नाही. म्हणूनच ती सर्वांना आवडते.

मग काय, पुढच्या कार्टूनमध्ये एक वारली पोर घाला, एक मुसलमान घाला, एक काळी मुलगी घाला, म्हणजे झाले? बाजाराला हा उपाय फार आवडतो, कारण त्याला खर्च नाही. चेहऱ्यांची खानेसुमारी म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. ताकाहातांनी १९७६ मध्ये ‘आईच्या शोधात तीन हजार मैल’ ही मालिका केली. जिनोव्हाची एक गरीब बाई मोलकरीण म्हणून अर्जेंटिनाला जाते, आणि तिचा मार्को नावाचा मुलगा तिच्या शोधात समुद्र ओलांडतो. वाटेत त्याला आसरा देतात ती तिथली गरीब आदिवासी भावंडे. या कथेत एकही भारतीय चेहरा नाही. तरीही आजमगढहून किंवा दरभंग्याहून आईबापांमागे सातिवलीच्या चाळीत आलेले पोर तिच्यात स्वतःला ओळखील; कारण तिथे स्थलांतर आहे, मजुरी आहे, उपाशी रात्र आहे. नोबिताला ती रात्र ठाऊक नाही. त्याचे घर भाड्याचे असेल, पण ते दुमजली आहे. बाप पगारदार आहे, आई दिवसभर घरी आहे. जगातल्या सर्व मुलांचे बालपण असेच असते, असे पडद्यावरून रोज ऐकणाऱ्या मजुराच्या पोराला आपल्याच घराची लाज वाटू लागते. त्या लाजेचे मोजमाप कोणत्याही पाहणीत होत नाही. पण आईने मातृभाषेत हाक मारली की हिंदीत उत्तर देणारे पोर पाड्यावर पाहायला मिळते.

दबाव आणला तर हे बदलते, याचाही दाखला जपानमध्येच आहे. १९८८ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात आईबाप आणि शाळकरी मुलगा अशा एका कुटुंबाने, काळ्या माणसांच्या विकृत चित्रणाविरुद्ध पत्रमोहीम सुरू केली. पुढे तेझुकांच्या ग्रंथावलीच्या प्रकाशकांनाही दखल घ्यावी लागली. त्या पुस्तकांत चित्रणाबद्दल खुलासा करणारे पान छापले जाऊ लागले. तीन माणसांच्या चिकाटीने एवढे होऊ शकते, तर संघटित चळवळीने किती व्हावे?

परंतु मागणी करायची तर ती कोणाकडे? मुलांचे चित्रपट सार्वजनिक पैशातून व्हावेत, ही या देशाची एकेकाळची नीती होती. १९५५ मध्ये बाल चित्रपट संस्था स्थापन झाली. त्याच दशकात फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग मुंबईत सुरू झाला. ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा लघुपट त्या सार्वजनिक व्यवस्थेतूनच आला. या संस्था सुस्त होत्या, सरकारी होत्या, हे खरे. पण त्या लोकांच्या होत्या आणि त्यांना जाब विचारता येत होता. २०२२ मध्ये दोन्ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आल्या. त्यांवर कोणी मोर्चा काढला नाही. आज भारतीय चित्रकार परदेशी कंपन्यांची कामे ठेक्याने करतात आणि भारतीय पोरे परदेशी वाहिन्यांवर ती पाहतात. हाताला काम आहे, पण गोष्ट सांगण्याचा अधिकार नाही. सातिवलीच्या गाळ्यातल्या कामगाराची स्थिती याहून वेगळी कुठे आहे?

म्हणून कार्यकर्त्यांपुढची कामे स्पष्ट आहेत. वारली, कातकरी आणि इतर आदिवासी बोलींतून बालचित्रपट काढण्यासाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाने स्वतंत्र तरतूद करावी, आणि ते चित्रपट त्या त्या समाजातील चित्रकारांनी व कथेकऱ्यांनी घडवावेत, ही मागणी विधिमंडळापर्यंत नेली पाहिजे. कार्टून-स्टुडिओत ठेक्यावर राबणाऱ्या तरुण चित्रकारांची संघटना बांधली पाहिजे. तोएईच्या युनियनने जे अर्ध्यावर सोडले ते त्यांनी पुरे करावे. आणि तिसरे काम उद्याच्या रविवारी सुरू करता येईल. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी एके काळी गावोगाव पोहोचून लोकांना त्यांची गाणी दिली. पाड्यावर आणि चाळीत तसेच जावे, पांढऱ्या पडद्यावर मार्कोची गोष्ट दाखवावी, ऐनूंची गोष्ट सांगावी आणि मग पोरांच्या हाती खडू देऊन त्यांची गोष्ट काढायला सांगावे.

ती पोरे काय काढतील, याचा अंदाज त्यांच्या आज्यांच्या चौकावरून बांधता येतो. वारल्यांच्या चित्रात वाघ असतो, मोर असतो, वारूळ असते, झाडे असतात. पण अरण्य कधी निर्मनुष्य नसते. भात लावणारे, जाळे टाकणारे, लाकूड आणणारे, तारप्याभोवती हात धरून फेर धरणारे, अशी माणसेच माणसे असतात. वाघबारशीला ज्या वाघोबापुढे ते हात जोडतात, तोही अरण्याचा एकटा धनी नसतो. माणूस त्याचा शेजारी असतो. ज्यांच्या भिंतीवर माणूस कधी पुसला गेला नाही, त्यांच्या पोरांना निर्मनुष्य अरण्याची स्वप्ने दाखवणे हा अन्याय आहे. तो जोवर चालू आहे तोवर, कार्टूनचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाहून वेगळा आहे असे कोणत्याही समाजवाद्याने म्हणू नये.